सातव्या दशांशस्थळावरची मुलं

(विलेपार्ले येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



९३.२३६२१८१. हा आकडा प्रयोगशाळेतला नाही. २०२४ साली जेईई मेन दिलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना पुढच्या, म्हणजे आयआयटीत नेणाऱ्या जेईई अ‍ॅडव्हान्सच्या दारात उभं राहण्यासाठी एवढं पर्सेंटाइल लागलं. दशांशचिन्हापुढे सात आकडे! सोनाराचा काटासुद्धा इतका बारीक तोलत नाही.

हे सात आकडे नेमकं काय तोलतात, ते एकदा हिशेब करून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी मेन दिलेली मुलं चौदा लाखांहून थोडी जास्त होती. चौदा लाखांतला एक मुलगा म्हणजे ०.००००७ टक्का. तो पाचव्या दशांशस्थळावर येतो. म्हणजे सहावा आणि सातवा आकडा एका अख्ख्या मुलापेक्षाही लहान. तरी ते छापले जातात, कारण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बरोबरी नको असते. दोन मुलं एकाच पायरीवर उभी राहिली तर जागा कोणाला द्यायची, हा तिचा प्रश्न आहे. बरोबरी तरीही उरलीच, तर आधी गणिताचे गुण, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग चुकलेल्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण. काही वर्षं तर वयाने मोठा असेल त्याला आधी, असाही नियम होता.

आजच्या व्याख्यानाचा विषय अभ्यासात मागे पडलेली मुलं हा नाही. त्यांच्याबद्दल बोलणारे बरेच आहेत आणि त्यांनी बोलायलाच हवं. इथे विचार करायचा आहे तो पुढे असलेल्या मुलांचा. ज्यांना आपण ‘याला काय काळजी’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्यांना काळजी असते, आणि ती बऱ्याचदा मागच्या बाकावरच्या मुलापेक्षा जास्त असते. ही काळजी खुळचट नाही, हे आज सांगायचं आहे. गुणवत्तेच्या अगदी वरच्या टोकाला परीक्षा मोजायचं काम सोडून वाटपाचं काम करायला लागते. मुलाला मात्र वाटत राहतं, की ती अजूनही त्यालाच मोजते आहे.

पार्ल्याच्या पूर्वेकडची अशी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. ज्या पार्ले टिळक विद्यालयात पु. ल. देशपांडे शिकले, तिथली किंवा तसल्याच एखाद्या शाळेतली. दहावीला ९७ टक्के. सोसायटीच्या फळ्यावर नाव, लोकमान्य सेवा संघात सत्कार, शेजारच्या काकूंचे पेढे. जूनपासून तिचं नाव एका ज्युनियर कॉलेजच्या पटावर असतं आणि ती स्वतः अंधेरीच्या क्लासमध्ये असते. कॉलेज प्रॅक्टिकलपुरतं. याला ‘इंटिग्रेटेड’ असं भारदस्त नाव आहे. सरकारने २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करून पाहिली, पण पालक, क्लास आणि कॉलेज अशा तिघांनाही सोयीची असलेली व्यवस्था अंगठ्याच्या ठशाने मोडत नाही. क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात एक चाचणी होते, तिच्यावरून बॅच ठरते. वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला त्याच सरांचे व्हिडिओ. रविवारी मॉक टेस्ट, आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर रँक. जिचा दहावीपर्यंत वर्गात पहिला नंबर कधी चुकला नव्हता, ती मुलगी त्या रविवारी चारशे बाराव्या नंबरावर असते. आई विचारते, ‘पेपर कसा गेला गं?’ ती म्हणते, ‘बरा.’ त्या घरात ‘बरा’ हा शब्द त्याआधी कोणी परीक्षेसाठी वापरलेला नसतो.

तिच्या डोक्यात काय काय चालतं? आपली शिफ्ट कठीण आली तर? (मेन अनेक शिफ्टांत होते आणि प्रत्येक शिफ्टचं पर्सेंटाइल वेगळं काढून एकत्र केलं जातं, गणित बरोबर आहे, पण सतराव्या वर्षी त्याच्यावर विश्वास बसणं कठीण.) बारावीला ७५ टक्के मिळतील ना? ती अट पोकळ वाटते, पण बोर्डाकडे दोन वर्षं दुर्लक्ष झालेलं असतं. आयआयटी मिळाली पण सिव्हिल मिळालं तर? व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर त्यापेक्षा बरं का? नाहीच मिळालं तर ड्रॉप घ्यायचा का? अ‍ॅडव्हान्स लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. आणि या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो ती कोणालाच विचारत नाही: आपण हुशार होतो, की फक्त पाठांतर चांगलं होतं?

नियमांबद्दलची तिची भीती तर अगदीच साधार आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झालं, की आता अ‍ॅडव्हान्स तीनदा देता येईल. काही मुलांनी त्या भरवशावर हातातलं कॉलेज सोडलं. १८ नोव्हेंबरला निर्णय मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये माघार योग्य ठरवली, पण त्या तेरा दिवसांत कॉलेज सोडलेल्यांना संधी द्यायला सांगितलं. मुलांनी स्थिर चित्ताने अभ्यास करावा अशी अपेक्षा असेल, तर निदान नियमांनी तरी चित्त स्थिर ठेवावं.

आता थोडं मागे जाऊ. १८७५ साली कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा दोस्तांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. मास्तरकीसाठी लागणारी सरकारी परीक्षा तिथे होती, आणि तिला बसायला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. पावसाळ्याचे दिवस, घाटवाट, शंभराहून अधिक मैलांची चाल. परीक्षा समितीसमोर उभा राहिला, तेव्हा त्याची किरकोळ चण पाहून अध्यक्षांनी सांगितलं, की हा सतराचा दिसत नाही. झालं. परीक्षेला न बसताच मुलगा परत मुरुडला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला बसून तो ही परीक्षा पास झाला. मॅट्रिक व्हायला मात्र १८८१ साल उजाडलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे.

याच कर्व्यांनी नात्यातल्या एका मुलाला, मुर्डीच्या रघुनाथ परांजप्यांना, शिक्षणासाठी आपल्याकडे आणलं. तो मुलगा १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विभागून पहिला आला. सीनियर रँग्लर होणारा पहिला भारतीय. साऱ्या महाराष्ट्राला ते आपल्या घरातलं यश वाटलं. साताऱ्याच्या दारातून परत पाठवलेला माणूस आणि केंब्रिजच्या यादीत अग्रभागी असलेला माणूस एकाच घरातले, याची आठवण मात्र सत्कारांत फारशी होत नाही.

केंब्रिजच्या त्या परीक्षेबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण अंधेरीच्या क्लासची ती पणजी शोभते. ट्रायपॉसचा निकाल गुणानुक्रमे सिनेट हाउसमध्ये वाचून दाखवला जाई. त्या क्रमासाठी मुलं कॉलेजातल्या व्याख्यानांपेक्षा खासगी शिकवण्यांवर विसंबत. एडवर्ड राउथ नावाच्या शिकवणीवाल्या सरांनी एकट्यांनी पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. गणितात नवीन काय चाललं आहे याच्याशी या तयारीचा संबंध कमी कमी होत गेला. ठराविक तऱ्हेचे प्रश्न ठराविक वेळात सोडवण्याचं कसब वाढत गेलं. जी. एच. हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावलं, ते १८९८ साली याच परीक्षेत चौथे आले होते. त्यांनी या पद्धतीविरुद्ध जोराची मोहीम चालवली. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवारी जाहीर करणं थांबवलं. रँग्लर राहिले, पहिला, सतरावा, एकोणिसावा हे गेलं. यावर त्या काळी कुरकुर झालीच. पण क्रम गेल्यामुळे केंब्रिजचं गणित बुडालं असं आजतागायत कोणी म्हटलेलं नाही.

आपल्याकडेही दहावी-बारावीची गुणवत्ता यादी बोर्डाने बंद केली. हेतू हाच होता. झालं असं, की क्रम गेला आणि टक्के फुगले. २०२० मध्ये दहावीला १०० टक्के मिळवणारी मुलं २४२ होती. २०२५ मध्ये २११, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. यात खेळ, चित्रकला, संगीत यांचे सवलतीचे गुण धरलेले असतात, आणि २०१० पासून ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वांत जास्त गुणांचे पाचच विषय धरायचे, हा नियम आहे. तो नियमसुद्धा उच्च न्यायालयात रद्द होऊन सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्याच्या आदल्या वर्षी एसएससीच्या मुलांसाठी अकरावीच्या ९० टक्के जागा ठेवण्याचा सरकारी आदेश मात्र न्यायालयात टिकला नव्हता. अकरावीच्या एका जागेसाठी मुंबईतल्या पालकांनी किती वकील पाहिले, याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. मुद्दा असा, की दहावीची परीक्षा वरच्या टोकाला काहीच वेगळं करत नाही. ९६ आणि ९९ मध्ये फरक आहे तो हस्ताक्षराचा आणि नशिबाचा. त्यामुळे हुशार मुलाला आपण किती हुशार आहोत याचा खरा अंदाज सोळाव्या वर्षापर्यंत येतच नाही, आणि मग तो एका रविवारी रात्री, मोबाइलवर, एकदम येतो.

त्याच्या उलट एक गुणपत्रक पाहावं. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकड्याने ३८च्या आत. त्यांचा सत्कार झाला, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ. ज्या समाजाला शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यातल्या मुलाने मॅट्रिक होणं हीच तेव्हा केवढी घटना होती, हे केळुसकरांना कळलं. २८२ या आकड्याकडे पाहून त्यांना ते कळलं नसतं. आज त्या गुणांवर मुंबईतल्या कुठल्याही नावाजलेल्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव लागणार नाही, हे सांगून टाळ्या घेता येतात. पण त्यातून आजच्या मुलीची काळजी कमी होत नाही. तिला महापुरुषांच्या गोष्टी पाठ आहेत. तिच्या निबंधाच्या वहीत त्या आहेत.

तिला हवा असतो तो हिशेब. तो असा. जुलै १९५८ मध्ये आयआयटी मुंबईचं पहिलं वर्ष वरळीला, सस्मिराच्या इमारतीत भरलं. पवईची कोनशिला नेहरूंनी पुढच्या मार्चमध्ये बसवली. त्या पहिल्या वर्षाला शंभर मुलं घेतली, आणि अर्ज आले होते ३,४०० हून अधिक. चौतिसात एक. २०२४ मध्ये अ‍ॅडव्हान्सचे दोन्ही पेपर दिले १,८०,२०० मुलांनी, उत्तीर्ण झाली ४८,२४८, आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे जी परीक्षा देशातली सर्वांत कठीण समजली जाते, ती उत्तीर्ण झालेल्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना जागाच नाही. पवईच्या कॉम्प्युटर सायन्सला खुल्या प्रवर्गातून जायचं, तर देशात पहिल्या सत्तरांच्या आसपास असावं लागतं. सत्तरावा मुलगा आणि नव्वदावा मुलगा यांच्यात फरक करणारं भिंग अजून कोणी बनवलेलं नाही. पण सत्तराव्याला पवईचं कॉम्प्युटर मिळतं आणि नव्वदाव्याला दुसरं काहीतरी.

चुरस १९५८ सालीही होतीच. पण त्या ३,४०० मुलांना दर रविवारी आपला क्रमांक कळत नव्हता. ती एकदा घाबरली असतील, निकालाच्या दिवशी. आजची मुलगी दोन वर्षांत शंभरेक वेळा निकाल पाहते, आणि त्यातले नव्व्याण्णव निकाल कुठेच धरले जाणार नसतात. काळजीचं पीक जागांच्या कमतरतेपेक्षा या साप्ताहिक मोजणीवर जास्त पोसलं जातं, असं प्रस्तुत व्याख्यात्याचं मत आहे. क्लासवाल्यांना ते पटणार नाही, कारण रँक लावणं हे शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

याच्या शेजारी जयंत नारळीकरांच्या घरातला एक फळा ठेवून पाहावा. बनारसला त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार राहायला आले होते. ते फळ्यावर भाच्यासाठी एक आव्हानाचं गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत तिथेच राही. वेळ लावलेली नव्हती, दुसरा स्पर्धक नव्हता. गणित सुटलं की पुढचं. नारळीकर पुढे केंब्रिजला रँग्लर झाले, म्हणजे परीक्षा त्यांनाही चुकली नाही. पण अवघड प्रश्नाशी दोन दिवस बसून राहता येणं, हा जो खरा गुण, त्याची चाचणी तीन मिनिटांत एक प्रश्न या हिशेबाने होत नसते. आपल्या मुलीला एखादं गणित तीन मिनिटांत सुटलं नाही तर ते सोडून पुढे जायला शिकवलेलं असतं. परीक्षेपुरतं ते शहाणपणाचंच आहे. ती तेच आयुष्यभराचं ज्ञान समजते, तिथे घोटाळा होतो.

समजा, जागा नाही मिळाली. मग खरंच काय बुडतं? अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची मिळकत तपासली. त्यांनी युक्ती केली ती अशी, की नामांकित विद्यापीठात शिकलेल्यांची तुलना सरसकट सगळ्यांशी न करता, ज्यांनी तशाच विद्यापीठांत अर्ज केले होते आणि ज्यांना तसेच होकार-नकार आले होते, पण जे शेवटी दुसरीकडे शिकले, अशांशी केली. मिळकतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्याची तिथे अर्ज करण्याची उमेद आणि कुवत होती, तो कुठेही शिकला तरी साधारण तितकंच कमावत होता. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना मोठ्या विद्यापीठाचा खरोखर फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आणखी मोठी आकडेवारी घेऊन पाहिलं. सरासरी मिळकतीत फार फरक नाही, हे त्यांनाही आढळलं. पण देशातल्या सर्वांत वरच्या एक टक्का मिळकतदारांत पोचण्याची आणि बड्या कंपन्यांत शिरण्याची शक्यता मात्र त्या मोजक्या विद्यापीठांमुळे बरीच वाढते. म्हणजे ‘कॉलेज कुठलं याने काही फरक पडत नाही’ असं मुलीला सांगणं खोटं ठरेल, आणि ती हुशार असल्यामुळे तिला ते लगेच कळेल. फरक पडतो. तो ज्या घरात आधीच पुस्तकं, ओळखी आणि इंग्रजी आहे तिथे कमी, आणि जिथे यातलं काही नाही तिथे फार मोठा पडतो. पार्ल्याच्या हनुमान रोडवरच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमधली मुलगी पहिल्या प्रकारात मोडते. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून आलेली दुसऱ्या.

आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी गोष्ट रँकवर संपत नाही. २०२१ मध्ये एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत सिव्हिलची जागा मिळाली होती. फी भरताना कार्ड चाललं नाही, मुदत संपली, जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाला ती परत द्यायला सांगावं लागलं. २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाचे १७,५०० रुपये काही मिनिटांच्या उशिराने भरायचे राहिले आणि धनबादच्या आयआयटीतली जागा गेली; तीही न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली परत दिली. त्याआधी, २०२० मध्ये, आग्र्याच्या एका अनाथ मुलाने पवईची इलेक्ट्रिकलची जागा चुकीच्या दुव्यावर बोट ठेवून गमावली होती. पुढच्या फेरीतून नाव काढून घ्यायचं समजून त्याने जागाच सोडली. मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं. हुशार मुलं फॉर्म भरताना तीन-तीनदा तपासतात, रात्री उठून पुन्हा लॉग-इन करतात, आणि आपण त्यांना ‘किती टेन्शन घेतोस’ म्हणतो. या तीन खटल्यांनंतर तरी म्हणू नये.

जागा मिळाल्यावर काळजी संपते का? ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८४ पासून दाखवत आणलेलं निरीक्षण असं, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर निवडक शाळेत गेलेल्या मुलाचं स्वतःच्या हुशारीबद्दलचं मत साध्या शाळेतल्या मुलापेक्षा खाली जातं. आजूबाजूला सगळेच तयारीचे असतात, आणि माणूस स्वतःला शेजाऱ्याशी तोलतो. पवईच्या वसतिगृहात पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर हे घडतंच. आपापल्या गावातले सगळे पहिले नंबर तिथे एकत्र आलेले असतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना निम्म्याखाली जावंच लागतं. त्याला इलाज नाही. क्लासची वरची-खालची बॅच ही त्याचीच आधी घेतलेली तालीम. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नयेत, चारचौघांत मुलांना लाजवू नये, असं क्लासेसना स्पष्ट सांगितलं आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये अशी सूचना काढली होती. पार्ल्यातले फलक अजून आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ घालतात.

एक आकडा इथे द्यायलाच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक महाराष्ट्रात, १,७६४. सगळ्या परीक्षेपायी नव्हत्या, कारणं अनेक असतात. पण क्लासेससाठी प्रसिद्ध असलेल्या कोटा शहराकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, तेव्हा हा आकडा समोर असावा. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं, बोलायचं थांबलं, तर क्लासच्या सरांकडे न जाता डॉक्टरांकडे जावं.

मुलींच्या वाट्याला याशिवाय एक टोमणा येतो. २०१८ पासून आयआयटींत मुलींसाठी जादा जागा आहेत, २०२० पासून त्यांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलं. या जागा वाढवलेल्या आहेत, कोणाच्या काढून घेतलेल्या नाहीत. तरी ‘तुझं काय, मुलींच्या कोट्यात होईल’ हे वाक्य क्लासमध्ये ऐकू येतं, आणि तिची भीती दुहेरी होते: नाही मिळाली तर नापास, मिळाली तर उपकाराची.

परदेशातल्या मराठी घरांत ही काळजी निराळं रूप घेते. न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला रँक नसतो. त्याला निबंध लिहायचा असतो, व्हायोलिन वाजवायचं असतं, नेतृत्व दाखवायचं असतं. हार्वर्डवर झालेल्या खटल्यात पुढे आलं, की आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण इतरांपेक्षा कमी मिळत होते, जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देणं घटनाबाह्य ठरवलं. इकडच्या मुलाला वाटतं, आपल्याला एका पेपरवर मोजलं. तिकडच्याला वाटतं, आपला स्वभावच नापास केला. यातलं कमी वाईट काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. निवड करायची वेळ आली तर प्रस्तुत व्याख्याता पेपर निवडेल.

मुंबईत आणि जवळपास शिकायला काय आहे, याची यादी आपण कधी मुलांना देत नाही. रघुनाथ माशेलकर १९६० मध्ये बोर्डात अकरावे आले होते, तरी पैशाअभावी पुढचं शिक्षण सुटायची वेळ आली होती. टाटांच्या साठ रुपये महिना शिष्यवृत्तीवर ते शिकले, आणि पवईला न जाता माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनियर झाले. ती संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते. तिच्याजवळच व्हीजेटीआय, १८८७ पासूनची. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जिथे ऑलिंपियाडची मुलं तयार होतात. पुण्याला २००६ पासून आयसर. ज्याला खरोखर भौतिकशास्त्र आवडतं, त्याच्यासाठी आयसर ही पहिली पसंती असायला हरकत नसते. पण पार्ल्यातल्या जेवणाच्या टेबलावर तिचं नाव ‘नाहीच झालं तर’ या शब्दांनंतरच येतं.

शेवटी एक काळजी अशी, जी खरोखर काढून टाकता येते. जून-जुलैत पसंतीक्रम भरायची वेळ आली, की घराघरांत एकच वाद रंगतो: अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचं, मिळण्यासारखं, हातचं जाईल का? २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटी यांच्या जागा एकत्र वाटल्या जातात. त्याची पद्धत बसवणाऱ्यांत पवईच्याच आयआयटीतले शरत चंद्रन होते. तिचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात आहे. त्या रीतीत जे मनापासून हवं ते वर लिहिण्याने काहीही गमावलं जात नाही. वरचं नाही मिळालं, तर खालच्यासाठी नाव तितक्याच हक्काने पाहिलं जातं, जणू तेच पहिलं लिहिलं होतं. तेव्हा तिथे डावपेच नकोत. हवं त्या क्रमाने लिहावं. महाराष्ट्राच्या सीईटीच्या कॅप फेऱ्यांत मात्र एक फरक आहे. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून त्या फॉर्मची पहिली ओळ मुलीने स्वतः लिहावी, आणि ती लिहिण्याआधी घरातल्यांनी तिला एकदा विचारून घ्यावं, की तुला तिथे चार वर्षं खरंच काय शिकायचं आहे.